शेषरावले कापलं, वजन उतरलं

३ फेब्रुवारी, दुपार
नातीनं, प्राजक्तानं, फोटो आणला बापा! आमच्या यांचा एकच धड फोटो, तोबी अकोटले दीर शेषरावच्या भिंतीवर. शेताच्या बांधाच्या, धुऱ्याच्या भांडणापासून चार वर्षं मी त्याच्या दारात गेली नाही. पोरगी गेली, तिथंच स्टुडिओत स्कॅन करून माह्या मोबाइलमधी टाकला. ६ एमबी. म्हणे, आजी, हात लावू नको, वर्षश्राद्धाले मोठा करायचा हाय. मी चौथी पास हाय. हात लावीनच.

५ फेब्रुवारी
फोटोत यांच्या खांद्यावर हात टाकून शेषराव. कापला. १ एमबी राहिला. एक मानूस गेला त पाच एमबी उतरले! जडच होता तो.

८ फेब्रुवारी
चेहरा उजळ केला. सेव्ह. फेटा केसरी केला. सेव्ह. यांना शोभेना, पांढरा केला. सेव्ह. ९० केबी. दवाखान्यात यांना उचलाले तीन जण लागत, आता बोटानं सरकतेत. जागा भरली म्हणून पहिला मोठा फोटो पुसला. आता घर आवरल्यासारखं वाटते.

१९ फेब्रुवारी
दर्यापूरच्या स्टुडिओवाल्याले म्हटलं, दोन फूट पायजे. त्यानं मोठा करून दाखवला. नाक चौकटीचौकटीचं, डोळे म्हणजे दोन डाग. म्हणे, बाई, दर सेव्हले थोडा फोटो गळते, आता पासपोर्टापुरताच उरला. त्याले काही येत नसन.

२० फेब्रुवारी
दुसऱ्या दुकानातबी तेच. प्राजक्ताजवळ कॉपी नाही, अकोटच्या स्टुडिओनं पुसली. मी जेवली नाही. भूक नव्हती, दुसरं काही नाही.

२२ फेब्रुवारी
यष्टीनं अकोट. शेषराव म्हणे, वहिनी, रस्ता सापडला काय? मी म्हटलं, पोरीनं पाठवलं म्हणून आली. त्यानं खिळ्यावरून फोटो काढून देला. म्हणे, पण मले कापायचं नाही, भाऊ एकटा उभा राहणार नाही. पोहे देले. मीठ कमी होतं.

२५ फेब्रुवारी
वर्षश्राद्ध झालं. दोन फुटाच्या फ्रेममधी दोघं भाऊ. हार घालावा त शेषराव जिवंत, समोर पाटावर. यांच्या बाजूनंच अडकवला, घसरून त्याच्या गळ्यात. जाऊ जयवंता किंचाळली, माह्या नवऱ्याले जितंच पोचवता काय! चारदा सरकवला. शेवटी शेषरावच उठला, हाराचं टोक धरून उभा राहिला. पंगती उठेपर्यंत धरून होता. बायांना मी सांगितलं, फोटो मीच मोबाइलवर बनवला.