ज्याला चुंबक चिकटत नाही

मी, कुसुमावती नारायणराव मोहिते, राहणार देवास, शिक्षण पीपलरावां गावच्या शाळेत पाचवीपर्यंत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलंय. सूनबाई नीतूला शंका असेल तर तिने त्यांनाच विचारावं.

१. मुलगा अर्पित याने यंदा बिजलीची शेगडी आणली आणि गॅसची जुनी माळ्यावर टाकली. म्हणाला, "इंडक्शन आहे, आई. आग नाही, धूर नाही." स्वयंपाकही नाही, हे सांगायचं राहिलं. ती शेगडी त्याची त्यालाच.

दसऱ्याला देवीचं पुरण आमच्याकडे सासूबाईंच्या पितळी पातेल्यातच शिजतं. ते चढवलं तर शेगडी नुसती टूं टूं करते. अर्पितने दुकानदाराला फोनवर झापलं, "भिया, माल खराब दिया तुमने!" तो म्हणाला, "साहब, बर्तन के पेंदे पे चुंबक लगा के देखो."

फ्रिजवरचा मांडवगडचा चुंबक काढला, एकेका भांड्याच्या बुडाला लावला. पितळेला चिकटेना, तांब्याला चिकटेना. नीतूच्या माहेरच्या स्टीललाही नाही, तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं होतं. माझ्या लोखंडी कढईला चिकटला, पण तिचं बूड गोल, ती शेगडीवर डुलत बसली. मग आमच्या इंजिनिअरने पातेल्याखाली तवा घातला. "तवा तापेल, तो पातेलं तापवेल. सायन्स आहे, आई." थोड्या वेळाने सायन्स तड्‌कन वाजलं. काच फुटली. देवीने यंदा पेढ्यांवर भागवलं.

२. काच नवी बसली. अक्कल तीच राहिली. शेजारच्या उदाजीरावांसमोर अर्पित म्हणाला, "ज्याला चुंबक चिकटत नाही, ते माझ्या कामाचं नाही. सगळं भंगारात."

मी म्हटलं, "त्यापेक्षा रुचीला देते."

"दे ना! नेऊ दे तिला सासरी सरदारपूरला सगळं कबाड."

लग्न झालेल्या बहिणीला साधी वाटी द्यायची म्हटली तर याच्या पोटात दुखतं. त्या दिवशी आपल्या तोंडाने हो म्हणाला. असा मुहूर्त मी सोडते होय?

३. म्हणून वाटणी अशी. चुंबक चिकटेल ते अर्पितचं, न चिकटेल ते रुचीचं. नीतूला माझा उपदेश: नवं भांडं घेताना बूड सपाट बघ, शेगडीवरच्या गोलाएवढं बघ, चुंबक घट्ट धरतो का बघ. नवरा निवडताना एवढं बघितलं असतंस तर!

४. कपाटातल्या पाटल्या, गोठ, मोहनमाळ. काल एकेकाला चुंबक लावला. सोनं भारी हट्टी, एकही डाग चिकटला नाही. नियम अर्पितचा आहे, मी बापडी काय करणार?

५. घराच्या भिंतींनाही लावून बघितला. नाही चिकटत. घाबरू नकोस बाळा, घर तुझंच. अट एक. दर दसऱ्याला रुची ते पितळी पातेलं घेऊन येईल. तिला गॅसची जुनी शेगडी पुसून, पेटवून द्यायची, आणि पुरण शिजेपर्यंत सायन्स बोलायचं नाही. हे जमलं नाही तर घरही रुचीचं.

चुंबक या कागदाला बांधला आहे. कुणी बदलू नये म्हणून त्याच्या मागे माझी सही केली आहे.

सही: कुसुमावती नारायणराव मोहिते
साक्षीदार: १. उदाजीराव शितोळे (अर्पितचं बोलणं मी या कानांनी ऐकलं. हसू नंतर आलं.)
२. भवानीबाई जगदाळे
ठिकाण: देवास. तारीख: १४ नोव्हेंबर २०२५