अप्पांची शेगडी

पुणे, ३ फेब्रुवारी २०२५

चि. मुरलीस रंजनीअक्काचे आशीर्वाद. वि. वि.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद पुढे ओढला. तुमच्या शेजारच्या श्रीदेवीमामींनी कळवले, की अप्पा रविवारी पुन्हा परसात शेगडी पेटवून बसले होते आणि खोकताखोकता त्यांना भिंत धरावी लागली. धूर त्यांना चालणार नाही, हे डॉक्टरांनी आपल्या दोघांसमोर सांगितले होते. तूच अंबत्तूरच्या वर्कशॉपात जुने पिंप कापून ती शेगडी करवून आणलीस. म्हाताऱ्या माणसाला खेळणे दिलेस आणि स्वतः भरतावर ताव मारत बसलास. आईच्या आजारातही तू असाच 'बघू, बघू' म्हणत राहिलास. या आठवड्यात शेगडी घराबाहेर गेली नाही, तर मी येऊन अप्पांना पुण्याला घेऊन जाईन.

तुझ्या सौ. हरिप्रियेस आशीर्वाद, तिच्यावर माझा राग नाही. तुझ्यावर आहे, तरी बहीणच आहे.

रंजनी

अण्णा नगर, चेन्नई, ११ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास मुरलीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मनासारखे झाले. अप्पा देवळात गेले असता मी शेगडी भंगारवाल्याच्या गाडीवर चढवली. सुरूची लाकडे आणि कोळशाचे पोतेही दिले. परत आल्यावर अप्पा परसात जाऊन उभे राहिले आणि तसेच खोलीत गेले. तेव्हापासून हरिप्रिया ताट आत नेऊन ठेवते. दहीभात तेवढा खातात. माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत.

लांबून हुकूम सोडायला तुझे काय जाते? आई गेल्यावर हा माणूस खुर्चीतून उठत नव्हता. शेगडी आली तेव्हा स्वतः बाजारात जाऊन वांगी, रताळी निवडू लागले. गल्लीतली माणसे येऊन खात होती. तुझ्या श्रीदेवीमामीही वाटी घेऊन यायच्या, ते त्यांनी कळवले नसेल. आणि आईला पत्रात ओढू नकोस. मी तुझे ऐकले, याचाच मला संताप येतो आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवायची आत्ता ताकद नाही.

मुरली

अण्णा नगर, १४ फेब्रुवारी २०२५

चि. रंजनी आणि चि. मुरली यांस जयतीर्थाचे आशीर्वाद.

एका घरात राहून मुरलीस पत्र लिहितो, कारण तोंडाने बोललो तर आवाज चढेल आणि खोकला येईल. दोघांस मजकूर एकच.

माझ्या छातीत काय आहे, ते डॉक्टरांनी मलाही सांगितले आहे. तुम्ही माझ्यावरून भांडलात, पण मला कोणी विचारले नाही. मुरली, मी देवळात जाईपर्यंत थांबलास, हे चोराचे काम. रंजनी, तू मला घेऊन जाणार म्हणे. मी काय ट्रंक आहे?

तुमची आई गेल्यापासून ताट येते, मी जेवतो, ताट जाते. त्या शेगडीपाशी माणसे विचारत, अप्पा, झाले का, आणि माझ्यासाठी थांबत. आता पोदुम, तुमचे ऐकणे पुरे. परसात विटा रचून मी नवी शेगडी केली आहे. लाकूड धुमसत असेल तोवर लांब बसेन, निखारे झाले की जवळ जाईन. त्याने आयुष्य कमी होत असेल तर होवो, ते माझे आहे. पुन्हा न विचारता हात लावाल, तर या घरात अन्न घेणार नाही.

आशीर्वाद नेहमीचेच, राग त्यातून वजा धरू नये.

जयतीर्थ

पुणे, १९ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पांस रंजनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले, दोनदा वाचले. तुमचे म्हणणे मला पटलेले नाही. आयुष्य तुमचे, कबूल. पण ते सरल्यावर रडायचे आम्हाला आहे, त्याचे काय? हे पत्रात विचारून भागणार नाही, म्हणून शुक्रवारच्या गाडीने येते आहे. मुरलीशीही समोरासमोर भांडायचे आहे, त्याला सांगून ठेवा.

तुम्हाला न्यायला येत नाही. विटांनाही हात लावणार नाही. पण तुम्ही लांब बसणार, तर तोवर लाकडे कोण सारणार? ते मी करीन. मी हाक मारीपर्यंत तुम्ही उठायचे नाही. आणि मागच्या वेळी मी आले तेव्हा वांगे देठापाशी कच्चे राहिले होते. तसले मी खाणार नाही, नीट भाजा.

अजून रागावलेली, तुमची

रंजनी