चारशे एकची सरासरी आणि नदीकाठचे मैदान

रविवारी दुपारी माझा दीर मर्ल हॉफलँड माझ्या स्वयंपाकघरात बसून माझे मत आणि माझी जमीन एका दमात मागून गेला, म्हणून मला हे लिहावे लागत आहे.

मी आर्डिथ हॉफलँड, कै. वेंडेल हॉफलँड यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार केल्सी फेरी, राज्य आयोवा. गावच्या हायस्कुलात चौतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाले. येत्या गुरुवारी डेमॉइनच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. लिहिणाऱ्यावर कोणाचे दडपण नाही, असे मृत्युपत्रात लिहायची रीत आहे. मला ते लिहिता येत नाही. दडपण मर्लने आणले होते. त्याचा उपयोग झालेला नाही, एवढे नोंदवते.

कलम १. सन २००३ मध्ये केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात माझे घर, मैदान, ठेवी, सगळे काही माझा पुतण्या कॉर्विन, म्हणजे मर्लचा मुलगा, याला दिले होते. मला मूल नाही आणि तेव्हा कॉर्विन माझे अंगण झाडत असे.

कलम २. मैदान. नदीच्या वळणावरची ही जमीन वेंडेलने आमच्या लग्नानंतर घेतली आणि तिथे बेसबॉलचे मैदान केले. आमची गावची लीग तिथेच खेळते. कागदोपत्री ते माझे आहे. ते मी केल्सी फेरी नगरपालिकेला देते, फक्त खेळासाठी. ते विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, आणि ज्या धान्य कंपनीने मर्लकडे चौकशी केली आहे तिला तिथे एक पिंपही ठेवता येणार नाही. कॉर्विनला ते का देत नाही, हे सविस्तर लिहिते, कारण मर्ल कोर्टात जाईल आणि म्हणेल की म्हातारीला भूल पडली होती. न्यायाधीश फुटबॉलवाले निघाले तर त्यांनाही कळावे म्हणून खेळाचे जेवढ्यास तेवढे समजावते.

आमच्या लीगमध्ये हंगामाच्या शेवटी उत्तम खेळाडूला वेंडेलच्या नावाचा चषक देतात. पाच जण मत देतात. मर्ल समितीचा अध्यक्ष आहे, शिवाय सामन्यांच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून ओरडतो तोही तोच. पाचवे मत माझे, वेंडेलची विधवा म्हणून. बेसबॉल कळतो म्हणून नव्हे.

सप्टेंबर लागला की लॅव्हॉन प्रुइटच्या कॅफेतल्या गोल टेबलाभोवती गावचे पुरुष जमतात. ज्यांनी सामने पाहिलेले नसतात ते आकडे सांगतात, आणि ज्यांना आकडे कळत नाहीत ते स्वतःच्या डोळ्यांच्या शपथा घेतात. पीक शेतात उभे असते, बायका घरी वाट पाहत असतात, आणि हे अमक्याची सरासरी तमक्याहून दोन सहस्रांशांनी जास्त म्हणून टेबलावर मुठी आपटतात. एवढी कळकळ त्यांनी मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर दाखवली असती तर माझे निम्मे आयुष्य वाचले असते.

यंदा दोन नावे होती. एक कॉर्विन. फलंदाजीची सरासरी चारशे एक, म्हणजे हजार खेपांत चारशे एक फटके. चारशेच्या वर जाणारा आमच्या लीगमध्ये क्वचित होतो, म्हणून लोकांना तो आकडा देवासारखा वाटतो. दुसरा एफ्राइन ओर्नेलास, मांसाच्या कारखान्यात कामाला आहे. त्याची सरासरी दोनशे ऐंशीच्या आसपास. पण तो वाईट चेंडूला बॅट लावत नाही. असे चार चेंडू सोडले की पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, फुकट चालत जाता येते. त्याला फटका धरत नाहीत, म्हणून सरासरीत ते दिसत नाही. कधी कधी तर चेंडू अंगावर घेऊनही तो बेस गाठतो. सगळे धरले तर कॉर्विनपेक्षा तो जास्त वेळा बेसवर पोचला आणि त्याने जास्त धावा पुऱ्या केल्या. एवढी बेरीज माझ्या नववीच्या ढ तुकडीने केली असती.

टेबलावर ती एकट्या ट्रेंट बुलिसने केली. ट्रेंट विमा विकतो आणि संगणक घेऊन फिरतो.

"ओर्नेलासचा विजयांतला वाटा चार पूर्णांक दोन आहे," तो म्हणाला.

"चार पूर्णांक दोन काय? अंडी?" मर्ल म्हणाला.

"सामने, मर्ल. त्याच्यामुळे जिंकलेले जास्तीचे सामने."

"असं होय! मग तो शून्य पूर्णांक दोन सामना कोणत्या रविवारी झाला ते सांग. माईकवर मीच असतो, मला कसा दिसला नाही?"

टेबल हसले. महिन्याभरातला तो एकच शहाणा प्रश्न होता आणि तो मर्लच्या तोंडून चुकून निघाला. ट्रेंटने संगणक आपल्याकडे वळवून तोच आकडा पुन्हा वाचला. त्याने ते सूत्र कुठून तरी उचलले होते, ते काय मोजते हे त्याला ठाऊक नव्हते. बरोबर उत्तर आणि चुकीची रीत, याला मी नेहमी निम्मे गुण देत आले. ट्रेंटलाही तेवढेच.

आता हंगामाचा शेवटचा सामना. कॉर्विन आणि एफ्राइन एकाच, आमच्या गावच्या संघात; तो जिंकला तर लीगमध्ये पहिला, हरला तर दुसरा. कॉर्विन खेळलाच नाही. बापाने सकाळी कागदावर भागाकार केला होता: आजवरची सरासरी चारशे एक, आणखी एकदा आउट झाला तर तीनशे नव्व्याण्णव. म्हणून सत्तावीस वर्षांचा धडधाकट माणूस बाकावर बसून राहिला. मी मागच्याच रांगेत होते. शेवटची पाळी, आमचा संघ एका धावेने मागे, दोन आउट (तिसरा झाला की खेळ संपला), दोन माणसे बेसवर, आणि फलंदाजीची खेप आमच्या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, ज्याने सबंध उन्हाळ्यात बॅट फक्त उचलून नेली.

प्रशिक्षक म्हणाला, "कॉर्विन, ऊठ. त्याच्या जागी तू जा."

कॉर्विनने बूट काढून ठेवले होते. मर्ल माईक सोडून खाली धावत आला. "तो उठणार नाही. चारशे एक आहे त्याची!"

"अरे, सामना जातोय!"

"सामने दर वर्षी येतात."

एफ्राइन दुसऱ्या बेसवर उभा होता. तिथून तो ओरडला, "ए चारशे एक! बूट सापडत नसतील तर माझे घे. मी अनवाणी पळतो."

कॉर्विनने मान खाली घातली. पिचर तीन चेंडूंत आउट झाला. सामना गेला. मर्लने वर जाऊन माईक हातात घेतला आणि जाहीर केले, "मंडळी, टाळ्या! चारशेचा मानकरी, कॉर्विन हॉफलँड!" आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी या गावातल्या दोन पिढ्यांना गणित शिकवले, त्याचे हे फळ.

सरासरी म्हणजे झालेल्या कामाचा हिशेब. हिशेब बिघडू नये म्हणून काम बंद ठेवणाऱ्याला दुकानातसुद्धा कोणी ठेवून घेत नाही.

इथे मर्ल वेंडेलचे नाव पुढे करतो, म्हणून तेही लिहून टाकते. १९५७ साली वेंडेलची सरासरी शेवटच्या दिवशी चारशे होती आणि तो खेळला, आउट झाला आणि खाली घसरला. ही गोष्ट मर्ल दर वर्षी चषक देताना गहिवरून सांगतो आणि वेंडेलला संत करतो. वेंडेल संत नव्हता. आपला फटका नक्की लागणार अशी त्याला खात्री होती. ती चुकली. त्यानंतर तो आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही आणि म्हातारपणापर्यंत त्याला आउट देणाऱ्या पंचाला शिव्या देत होता. पण खेळायचे नाही, हे त्याच्या डोक्यातही आले नाही. त्या भाबडेपणाखातर मी त्याच्याबरोबर सत्तेचाळीस वर्षे काढली.

मते दोन-दोन पडली. मग रविवारी मर्ल मुलाला घेऊन माझ्याकडे आला. मी ॲपल पाय केला होता. त्याचा मला आता पश्चात्ताप होतो.

"वहिनी, तुमच्या एका मतावर अडलंय."

"दोन अधिक दोन मला येतात, मर्ल."

"घरचा चषक घरात राहील. नाहीतर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाईला मोजता येतं."

तो खुर्ची पुढे ओढून बसला. "गुरुवारी तुम्हाला डेमॉइनला कोण नेणार? कॉर्विन. परत कोण आणणार, महिनाभर जिन्यावरून हाताला धरून कोण चढवणार? कॉर्विनच ना? आणि मैदान पुढेमागे त्याच्याच नावावर व्हायचं. मी कंपनीशी बोलून ठेवलंय. सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, वहिनी. जरा समजून घ्या."

मी पुतण्याकडे वळले. "कॉर्विन, तुझं काय म्हणणं?"

"बाबा बोलतायत ना, काकू," तो म्हणाला आणि त्याने दुसरा तुकडा घेतला.

मर्लचे एक वाक्य खरे होते. सगळे गुंतले होते. जमीन कॉर्विनची होणार असेल, तर मी त्याला मत दिले की मत विकले असे होते, आणि नाही दिले तर तो मला जिना चढवील तो जमिनीसाठी. दोन्हीकडून मी त्याच्या हातातली वस्तू. म्हणून आधी जमीन बाजूला काढते, मग मत देते. गुरुवारी मला कोणी नेले नाही तर बस आहे.

माझे मत एफ्राइन ओर्नेलासला. तो मला आवडत नाही. सूर्यफुलाच्या बिया खाऊन टरफले माझ्या पायऱ्यांवर थुंकतो, आणि परवा फाटकातून ओरडला, "बाई, तुमचं गवत एवढं वाढलंय की इथं पडलेला चेंडू ख्रिसमसला सापडेल." चषक स्वभावाचा नाही, म्हणून त्याला मिळावा.

कलम ३. घर विकून येणारी रक्कम गावच्या वाचनालयाला. माझ्या नावाची पाटी लावू नये. खुर्च्या घ्याव्यात, सध्याच्या मोडक्या आहेत.

कलम ४. वेंडेलची सुतारकामाची सगळी हत्यारे कॉर्विनला. रंधा धरायला तो वेंडेलकडून शिकला आणि तिथे त्याने कधी अंगचोरपणा केला नाही. ही शिक्षा नव्हे, बक्षीसही नव्हे. त्याच्या हाताला ती येतात, इतकेच.

कलम ५. ब्यूक गाडी लॅव्हॉन प्रुइटला. ती त्या टेबलाला वर्षानुवर्षे कॉफी देत आली आणि तिने कोणाच्या डोक्यावर किटली रिकामी केली नाही. एवढ्या संयमाचा मोबदला तिला दुसरे कोणी देणार नाही.

कलम ६. माझी कॉलेजातली संख्याशास्त्राची पुस्तके ट्रेंट बुलिसला. सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करावी.

कलम ७. मैदानावरचा ध्वनिक्षेपक वेंडेलने विकत घेतला होता, त्यामुळे तो माझा आहे. तो मैदानाबरोबर नगरपालिकेकडे जाईल. मर्लला त्यावर बोलू द्यायचे की नाही हे नगरपालिकेने ठरवावे. माझे मत विचारल्यास: नाही.

कलम ८. मर्ल हॉफलँड याला बैठकीतली आरामखुर्ची. तिच्या दोन्ही हातांना त्याच्या सिगारची भोके आहेत, दुसऱ्या कोणाला देण्याजोगी ती राहिलेली नाही.

कलम ९. अंत्यविधी साधा करावा. पाद्रीसाहेबांनी प्रवचनात बेसबॉलचा उल्लेख करू नये, मी शेवटच्या बेसवर पोचले वगैरे तर मुळीच नको. वेंडेलला मर्लने संघाची टोपी घालून पुरायला लावले, मी तेव्हा रडत होते म्हणून जमले. मला टोपी नको. नंतर हॅमचे सँडविच आणि बटाट्याची कोशिंबीर द्यावी, कॉफी कडक असावी. त्या टेबलावर माझ्या पश्चात माझ्याविषयी वाद झाला तर होऊ द्यावा, लवकरच ते पुन्हा सरासरीवर येतील.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकील इर्मा टेनहाकन यांनी करावी. लॅव्हॉनला गाडी मिळते म्हणून तिला साक्षीला घेतलेले नाही. तिला त्याचा राग आला आहे.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले, एकही शब्द खोडला नाही, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

आर्डिथ हॉफलँड

साक्षीदार: गर्डा नीमायर, औषध दुकानदार
साक्षीदार: लॉइड स्कीप, टपालवाला

केल्सी फेरी, मंगळवार, २३ सप्टेंबर २००८

सोबत जोडलेली नोंद, बुधवार, २४ सप्टेंबर

मैदानाचे मूळ खरेदीखत नगरपालिकेच्या कारकुनाकडे दिले. पोच घेतली.

माझी मतपत्रिका पाकिटात न घालता, उघडी, समितीकडे दिली. मर्लने ती दोनदा वाचली. पोच दिली नाही. गर्डाने पाहिले आहे.

दुपारी कॉर्विन आला, एकटा. मी मृत्युपत्राची प्रत त्याच्यापुढे ठेवली. त्याने उभ्याउभ्याच सगळी वाचली. कलम चारवर त्याने बोट ठेवले. मग म्हणाला, "हत्यारं आत्ताच नेऊ का?"

"मी अजून मेले नाही," मी म्हटले.

"मग गाडीची चावी द्या. उद्या पहाटे निघायला हवं, डेमॉइनला रस्ता खणलाय."

"बापाला विचारलंस?"

"नाही."

ब्यूकची चावी, नग एक, दिली. गाडी लॅव्हॉनचीच आहे. चावी जाण्यायेण्यापुरती. वेग पंचावन्नच्या वर नेऊ नये असे बजावले.

चावी मिळाली: कॉर्विन हॉफलँड