पुष्पाच्या गालांचे दहा आठवडे

१ मार्च २०२५, शनिवार

झाला! पहिला पील झाला! सात वर्षं या कासा बाजारात नुसत्या भुवया कोरल्या, वॅक्स ओढलं, ब्लीच फासलं. आज पहिल्यांदा ऍसिड, वरची कातडी सोलणारं! तीस टक्के ग्लायकोलिक. वापीच्या कोर्सचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून आरशाशेजारीच ठोकलंय. बसल्या जागी वाचता यावं गिऱ्हाइकाला!

गिऱ्हाईक पुष्पा. सायवनकडच्या पाड्यावरची, ११ मेला लग्न. नवरा प्रविण, तलासरीला कंपनीत आहे. पुष्पाची कातडी फार नाजूक, साधं ब्लीच लावलं तरी दोन दिवस लाल होते. हे मला ठाऊक होतं. पण पील शिकून घेतला आणि लावायचा कुणाला? तिला सांगितलं, थोडं चुरचुरेल, सहन कर. चुरचुरतं म्हणजे काम करतं. बिचारीने हूं की चूं केलं नाही. जाताना बजावलं — उन्हात जायचं नाही! म्हणाली, "नाय जात, ताई."

एक गोष्ट फक्त इथे लिहिते. तीन मिनिटांनी धुवायचं होतं. नेमका निलमचा फोन आला. कोर्सला माझ्याबरोबर होती, आता तलासरी नाक्यावर पार्लर, दोन खुर्च्या, एसी. पील लावला हे तिला सांगितल्याशिवाय मला राहवतंय का! बोलत बोलत बाहेर ओट्यावर गेले. किती वेळ गेला कोण जाणे. तीनपेक्षा जास्तच. बरीच जास्त.

काही होत नाही.

३ मार्च, सोमवार

वाटोळं झालं.

पुष्पाला तिची आई, रखमीमावशी, जीपमध्ये घालून घेऊन आली. ओढणी काढली. दोन्ही गाल काळपट, हनुवटीला फोड, डाव्या जबड्याशी कातडी ओली.

काल पहाटे त्यांनी राब भाजला. भाताच्या रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून पेटवतात, ते. वारा पडलेला असतो म्हणून दिवस उगवायच्या आत भाजतात. पुष्पा हिरवी फांदी घेऊन कडेला उभी, आग बाजूच्या गवतात जाऊ नये म्हणून. "ऊन कुठं होता, ताई? सूर्य निघायच्या आधी घरात होते मी." खरंच की! मी ऊन सांगितलं होतं. तिने माझा शब्द न् शब्द पाळला.

रखमीमावशी लेकीलाच बोलत होती. "सांगत होते, लगीन तोंडावर आलंय, राबाला येऊ नको. या बयेनं ऐकला नाय! धगीनं जाळून घेतला तोंड."

मी मान डोलावली. नुसती मान डोलावली.

४ मार्च, मंगळवार

डहाणूला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई कडक. सर्टिफिकेटचा फोटो दाखवायला मोबाईल काढला तर म्हणाल्या, "ठेवा तो आत."

मग विचारलं, किती वेळ ठेवलं होतं? मी म्हणाले, तीन मिनिटं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तीन?" हो. पुष्पा शेजारीच बसलेली. ती जमिनीकडे बघत होती.

महिनाभर काही म्हणजे काही नाही. साधं मलम, वर सनस्क्रीन. साबण बंद, लिंबू बंद, हळद बंद, चुलीपुढे बसणं बंद. मग बघू.

मी विचारलं, लग्नापर्यंत जाईल ना हो काळं? म्हणाल्या, "घाई केलीत तर नाही जाणार."

५ मार्च

शटर उघडलं नाही.

९ मार्च, रविवार

आज वही घेऊन पाड्यावर गेले. पुष्पाला म्हटलं, उठल्यापासून सांग, काय काय करतेस. चार वाजता उठते. चूल. मग मोहाची फुलं वेचायला. मग पाणी तापवते, परत चूल. ओढणीने तोंड पुसते, ती ओढणी निरम्यात धुतलेली. जीपमध्ये मागच्या फळीवर बसते, सगळी धूळ तोंडावर. सात वर्षांत मी एकाही बाईला हे विचारलं नव्हतं! उन्हात जाऊ नको, झालं माझं काम. जसं काही सगळ्या बायका दिवसभर पंख्याखालीच बसतात.

ठरलं — भाकऱ्या थोरला भाऊ रूपेश थापणार. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पुष्पा म्हणाली, नाय झाला बरा तर लगीन पुढं ढकलू. मी तिच्यासमोर बोलून गेले, ११ मेला तुझा चेहरा बरा नसेल तर मी पार्लरचं शटर कायमचं पाडेन ते पाडेनच. बोलले ते बोलले. आता माघार नाही.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. पुष्पा घरात कोंडलेली, तोंडाला सनस्क्रीनचा पांढरा थर. रूपेश म्हणतो, हिला रंग लावायची गरजच नाय!

फोड सुकले. रूपेशच्या भाकरीला मात्र अजून गोल आकार नाही.

२२ मार्च, शनिवार

खाज बंद. लाली गेली. डाग आहेत — दोन्ही गालांवर, चहा सांडल्यासारखे.

रखमीमावशी दर खेपेला तेच सुरू करते. राबाला गेलीस म्हणून. धगीला उभी राहिलीस म्हणून. आता सगळ्या पाड्यावर तिने सांगितलंय, पार्लरमधून आल्यावर राबाकडे फिरकू नका गं पोरींनो. सगळं त्या आगीच्या माथी! पुष्पा ऐकून घेते. मी टॉवेलच्या घड्या घालते. घातलेल्या मोडून परत घालते.

२ एप्रिल, बुधवार

डॉक्टरीणबाई खूश! म्हणजे ओरडल्या नाहीत. आता ऍसिड सुरू करायला हरकत नाही म्हणाल्या. माझे कान टवकारले. कुठलं? लॅक्टिक. किती? पाच टक्के.

पाच! मी हसलेच. म्हटलं, हे तर दह्यातलं. तर म्हणाल्या, "दह्यातलंच, पण मोजलेलं. उद्या दही फासून बसू नका." मोठ्या कणांचं असतं, कातडीत सावकाश उतरतं, शिवाय ओलावा धरून ठेवतं, म्हणून नाजूक कातडीला चालतं. ग्लायकोलिक बारीक, ते भसकन आत घुसतं. कोर्समध्ये हे सांगितलं असेल, मी तेव्हा सर्टिफिकेटवर नाव नीट छापून येईल ना याची काळजी करत होते.

आधी कानामागे थेंब लावायचा, दोन दिवस बघायचं. मग आठवड्यातून एकदा, एक मिनिट ठेवून धुवायचं. सोसलं तर पुढच्या वेळी दोन. पाचाच्या वर जायचं नाही. आणि चुरचुरलं तर लगेच धुवायचं — "चुरचुरणं म्हणजे काम करणं नाही. चुरचुरणं म्हणजे कातडी नको म्हणतेय." हे वाक्य बाईंनी माझ्याकडे बघत म्हटलं.

५ एप्रिल, शनिवार

एक मिनिट. फोन बंद करून गल्ल्यात ठेवला. पुष्पाच्या खुर्चीला धरून उभी राहिले. साठ सेकंद इतके लांब असतात?

काही झालं नाही! लाल नाही, आग नाही, काही नाही! आनंदाने मी तिला भजी खायला घातली.

१२ एप्रिल, शनिवार

दोन मिनिटं. आणि ओरडून सांगावंसं वाटतंय — उजवा गाल फिका झाला! माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही म्हणून शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, मला काय कळतं त्यातलं. मेला!

महालक्ष्मीची जत्रा आजपासून. पुष्पाने विचारलं, जाऊ? मी म्हटलं, जा. छत्री घे, जिलबीच्या कढईपाशी उभी राहू नको, आणि ओढणी तोंडावरून काढ. दीड महिना झाकून बसलीस, आता पुरे.

१५ एप्रिल, मंगळवार

गेली होती! उघड्या तोंडाने! पाळण्यात बसली, प्रविणही आला होता. त्याच्या गावच्या बायकांनी विचारलं, कुठली क्रीम लावतेस गं? हिने सांगितलं, कासाच्या दक्षाताईला विचारा. मी हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

२६ एप्रिल, शनिवार

चार मिनिटं. डावा गाल पण निवळला. जबड्यापाशी थोडं आहे.

दुकानात आज पाच पोरी, बसायला जागा नाही म्हणून ओट्यावर. सगळ्यांना ते दह्याचं ऍसिड पाहिजे. एकीला चालेल, चौघींना नाही, असं तोंडावर सांगितलं. लग्नसराईत चार गिऱ्हाइकं परत पाठवली मी! कामं विचारली सगळ्यांची. एक भट्टीवर विटा थापते, एक चारोटीच्या हॉटेलात तव्यापुढे. आधी धगीचं बघू, मग ऍसिडचं.

आणि हे सगळं बोलत असताना रखमीमावशी मध्येच म्हणाली, बघा, माझी पोर धगीनं जळली होती, या बाईनं बरी केली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, इतक्या मायेने. आता बोलू, आता बोलू, असं झालं. मला या वहीत लिहिता येतं, पण त्या बाईपुढे म्हणता येत नाही की मावशी, आगीने नाही, मी केलं. फोनवर फुशारक्या मारत उभी होते मी.

लाज वाटते. मग परत आरशात पुष्पाचा गाल दिसतो आणि छाती फुगते. दोन्ही एकदमच होतं.

१० मे, शनिवार

हळद. आज मी लढाई केली!

पुष्पाची आत्या, बायजी, हळदीचं भांडं घेऊन उभी. मी आडवी. चेहऱ्याला लावायची नाही. "हळद नाय तर नवरी कशी?" म्हटलं, हातांना लावा, पायांना लावा, कपाळाला टिळा लावा, गालांना हात लावायचा नाही. दहा आठवडे लागलेत त्या गालांना! बायजीआत्या म्हणते, आमची हळद काय वाईट हाय? वाईट नाही आत्या, पण हिला सोसत नाही, आणि उद्या लग्न आहे. बायकांचा कलकलाट. डफ थांबला. रखमीमावशी माझ्या बाजूने की त्यांच्या, हे तिलाच कळेना. शेवटी पुष्पाच बोलली — ताई सांगते तसाच करा.

आत्या म्हणाली, "मंग हिच्या तोंडाची हळद कुणाला?" आणि माझ्याकडे वळली. पळायला वाव होता कुठे! पाच-सहा जणींनी धरून कानापासून गळ्यापर्यंत चोपडली. माझी कातडी काय, जाडच. तशीच पिवळीधमक जीपने घरी आले, ड्रायव्हर विचारतो, ताई, नवरा कुठला?

११ मे, रविवार

लग्न लागलं! पुष्पाच्या तोंडाला फाउंडेशन नाही, पावडर नाही. सनस्क्रीन, काजळ, टिकली. बस्स. डाव्या जबड्याखाली बोटभर सावली राहिली आहे, ती मीच झाकू दिली नाही. फोटोवाला म्हणाला, मॅडम, मेकअप कुणी केलाय, एकदम नॅचरल आहे! केलाच नाही रे बाबा!!

जिंकले मी. शटर पाडावं लागणार नाही.

१२ मे, सोमवार

निलमचा फोन. तिने फोटो बघितला. कुठला पील, किती टक्के? पाच टक्के आणि दहा आठवडे, म्हटलं. पाचच? म्हणाली. मी फार ताणलं नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं, फोन ठेवला.

वापीचं सर्टिफिकेट काढून फळीवर ठेवलं. तिथे आता पाटी लावणार — आधी तुमचं काम सांगा.

१७ मे, शनिवार

पुष्पा माहेरी आलीये. दुपारी एकटीच दुकानात आली. मी दार लोटलं आणि सांगून टाकलं. फोन, ओटा, तीन मिनिटं नव्हती, सगळं. म्हटलं, तुझ्या आईला पण आज येऊन सांगते.

म्हणाली, "मना ठाव हाय. अकरा मिनिटं. आरशात तुझा घड्याळ दिसतो."

मग तेव्हा ओरडली का नाहीस? तर म्हणाली, तूच सांगितलं होतंस, सहन कर.

आणि परत माझ्याच खुर्चीत कशाला येत राहिलीस?

"मी गेले असते निघून, तर तुझा हात तसाच ऱ्हायला असता. बाकीच्या पोरी पण तुझ्याकडंच येतात ना, ताई. दर शनवारी घड्याळच बघत बसायची मी."

मग खुर्चीत बसली, मान मागे टेकली. म्हणाली, "लाव. आज मी डोळे मिटते."