रॉकेटचा प्राणवायू

लेस्टर

ती. बाबांना शाल्मलीचा नमस्कार,

आम्ही मजेत आहोत. थंडी कडक आहे, पण घरात हीटिंग असतं. आईचा गुडघा कसा आहे?

काल होमवर्क करताना मायराने विचारलं, "प्रोपेलंट म्हणजे रॉकेटचं फ्युएलच ना?" तुम्ही वर्गात सांगायचात तसंच मी सांगितलं: नुसतं इंधन नव्हे, ते जळायला लागणारा प्राणवायूसुद्धा. वर हवा नसते, म्हणून रॉकेट तो बरोबर नेतं.

"म्हणजे रॉकेट पण आजोबांसारखा सिलिंडर घेऊन जातं?"

म्हणूनच हे पत्र लिहायला घेतलं. आई म्हणते, सिलिंडर लागल्यापासून तुम्ही कट्ट्यावर जात नाही. लोक बघतात म्हणून? बघू देत की! बाबा, प्राणवायू बरोबर घेतात तो बाहेर पडण्यासाठीच. तुम्ही निदान कट्ट्यापर्यंत जा.

तुमचीच विद्यार्थिनी,
शाल्मली