गोगलगायींना नव्याचा भात

बेंगळुरू,
२० सप्टेंबर २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

कुंभारवाड्यात फोनला रेंज नाही ते बरंच, माझी कटकट तुला कागदावर नीट वाचावी लागते. मे महिन्यात तळीतलं पाणी, शेवाळ आणि राईएवढ्या गोगलगायी घालून मी मेणानं बंद केलेली बरणी खिडकीत आहे ना? शेवाळ हवा देतं, गोगलगायी शेवाळ खातात, त्यांची घाण शेवाळाला खत. बाहेरचं काही लागत नाही. अंतराळयानात माणसांना असं जगायचं तर आधी या जिवांना जमतं का, ते आम्ही बघतो.

साहेब म्हणाले, खेड्यातल्या डबक्याचं पाणी यानात कोण नेणार? मी म्हटलं, मी नेणार. सहा महिने न उघडता बरणी जगली तर आपल्या गोगलगायी पुढच्या यानातून जातील, असं ठरलंय. दिवाळीनंतर न्यायला येते. तोवर झाकणाला कुणी हात लावू नये. आणि म्हादूकाकांनी आणलेल्या स्थळाला माझा नकार आहे, तो त्यांना परत कळव.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी रक्षा

कुंभारवाडा,
२२ ऑक्टोबर

चि. रक्षास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी वाईट सांगते. तुझ्या गोगलगायी मेल्या आणि मीच मारल्या. दसऱ्याला नवं केलं. नव्या तांदळाचा भात आधी गुरांना, मग कुत्र्यामांजरांना, मग आपण. घरातला जीव उपाशी ठेवून जेवायचं नाही, हे तुला ठाऊक आहे. पानावर बसले आणि समोर बरणी दिसली. तुझं सांगणं विसरले नव्हते. एका घासानं काय होतंय, असं वाटलं. चार शितं टाकली, मेण परत लावलं. आठवड्यात पाणी नासलं.

म्हादूकाका म्हणाले, देवानंच सोडवलं, आता पोरीला बोलावून घ्या. मी चार माणसांदेखत सांगितलं, "चूक माजी हाय, शिक्षा पोरीला न्हाई." तेव्हापासून ते आपल्याकडे चहाला येत नाहीत. न का येईनात.

रागाव, पण लिही.
तुझी आई

बेंगळुरू,
११ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रागावले. खूप रडले. माझ्याबरोबरची प्रियांका म्हणाली, इथल्या दुसऱ्या बरणीवर मे महिन्याची तारीख घाल, कुणाला कळतंय? मी घातली नाही. साहेबांना खरं ते सांगितलं, भातासकट. ते हसले आणि या यानाच्या कामातून माझं नाव काढलं. नाव गेल्यापेक्षा ते हसणं जास्त लागलं. मी म्हटलं, पुढच्या यानाला याच तळीचं पाणी आणीन, आणि बरणी माझी आईच सांभाळील.

तीस तारखेला, शनिवारी येते. काकांना सांग, लग्नाला नाही, पाण्याला येते. या वेळी बरणी वर्षभर बंद ठेवायची, आणि मेण तू लावायचंस. पुढच्या नव्याला गोगलगायींसमोर जेवायचं आणि त्यांना काही द्यायचं नाही. जमेल का, खरं सांग.

तुझीच,
रक्षा

कुंभारवाडा,
१८ नोव्हेंबर

चि. रक्षास,
आशीर्वाद.

ये. तळीवर मीही येते, काकांच्या दारावरूनच जाऊ. मेण मी लावीन आणि झाकणाला हात लावणार नाही. नव्याच्या दिवशी गोगलगायींना काही द्यायचं नाही, कबूल. पण मग त्या दिवशी मीही जेवणार नाही. यावर तू एक शब्द बोलायचा नाहीस.

तुझी आई