साहेबाची चुप्पी

प्रिय हिवराज,

सौंदडच्या शाळेत, पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलोय. संध्याकाळचे सहा वाजलेत. बाहेर मंडईच्या जत्रेची गर्दी आहे, शेजारच्या वर्गात तुझ्या नीलेशच्या तोंडाला रंग लागतोय आणि माझ्या मांडीवर तुझी वही आहे. आज ‘डाकबंगल्याचा साहेब’ आहे. तू गेल्यावर पहिल्यांदाच. साहेब नीलेश करणार, प्रॉम्प्टर मीच. पडदा उघडायच्या आधी मला त्या पोराला एक गोष्ट सांगायची आहे आणि जीभ उचलत नाही. म्हणून आधी तुला लिहितोय. तुलाही कुठे कधी सांगितली होती?

तू दवनीवाड्याच्या राईस मिलचा मिस्त्री. इंग्रज माणूस जन्मात पाहिला नव्हतास. तरी नाटकात साहेब हवाच, आणि तो तूच! सालेकशाच्या जंगलात डाकबंगल्यावर राहणारा, मोहफुलं वेचणाऱ्यांना पकडून आणणारा. कागदाच्या लगद्याची टोपी, केसांना मेंदी आणि तोंडाला एवढी पावडर, की घाम सुटला की साहेब अर्धा दवनीवाड्याचा व्हायचा. पण तू बोलायला लागलास की कुणी हसत नव्हतं. मिलच्या घरघरीवर ओरडून कमावलेला गळा तो. मागच्या रांगेत डुलक्या घेणारा म्हाताराही उठून बसायचा.

पाठांतराच्या नावानं मात्र बोंब! स्वतः लिहिलेलं स्वतःला आठवत नव्हतं. तालमीत कुणी टोकलं की म्हणायचास, भाऊदास आहे ना. आणि भाऊदास होताच. विंगेत बसून तुझ्या एक श्वास पुढे वाचत. इतकी वर्षं मी तुझ्या तोंडात घास घालावा तशी वाक्यं घातली.

त्या वर्षीचं पोस्टर आठवतं तुला? ह्याच गावच्या मंडईचं. त्यावर बाजेवाल्याचं नाव होतं, पडदेवाल्याचं होतं, जनरेटरवाल्याचंसुद्धा होतं. माझं नव्हतं. सकाळी चहाच्या टपरीवर मी तुला विचारलं. सगळी मंडळी तिथेच होती. तू बशीतून चहा ओढत म्हणालास,

“प्रॉम्प्टरचं नाव कोन छापते बे? तू त निस्ता वाचतेस.”

सगळे हसले. मीही हसलो. पण आत जे पेटलं ते दिवसभर विझलं नाही.

मग आला रात्रीच्या खेळाचा शेवटचा अंक. ज्या म्हातारीच्या पोराला तू बेड्या घातल्यास ती तुझ्यापुढे उभी राहून विचारते, “साहेब, तुले माय हाये का?” त्यावर तुझं दीड पानाचं भाषण होतं. समुद्रापलीकडचं घर, आईची पत्रं, बरंच काही. तू नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलंस.

वही उघडी होती. बोट ओळीवर होतं. दिवा गेला नव्हता, पान उडालं नव्हतं. हिवराज, मी मुद्दाम गप्प बसलो. नजर वहीत घातली आणि मनात म्हटलं, घे, आता वाचणाऱ्याशिवाय बोलून दाखव!

शेंगा फोडत, पोरांना दटावत बसलेले लोक हळूहळू गप्प झाले. तुझे ओठ हलले, आवाज आला नाही. तू पुन्हा विंगेकडे पाहिलंस, मला ते कळलं, तरी मी मान वर केली नाही. शेवटी मलाच भीती वाटायला लागली. मी तोंड उघडणार इतक्यात तू टोपी काढलीस आणि मिलवाला आवाज बाजूला ठेवून अगदी हळू म्हणालास, “होती.”

एवढंच. दीड पान गेलं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

तू आत आलास तेव्हा मी थोबाडीत खायची तयारी ठेवली होती. तू गमछ्यानं तोंड पुसलंस आणि म्हणालास, “पुढच्या खेळाले बी एवढाच थांब.” काऊन थांबलास, हे विचारलंच नाहीस. तुला कळलं होतं का रे? की मी कलावंत म्हणून थांबलो असं समजलास? पुढच्या पोस्टरवर माझं नाव होतं. घरी येऊन दाखवलंस. मला शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं.

मग सगळीकडे साहेबाच्या चुप्पीचं नाव झालं. लोक त्या जागेसाठी थंडीत बसून राहायचे. लेखकानं फार विचारपूर्वक लिहिलेली शांतता, असं पेपरातही आलं. तू तो कागद माझ्यापुढे धरलास आणि मी सवयीनं मोठ्यानं वाचून दाखवला!

सांगायची संधी नव्हती असं नाही. तुला लकवा झाला तेव्हा गोंदियाच्या दवाखान्यात मी रोज येत होतो. वाचा गेली होती तुझी. एकदा काहीतरी सांगायला तोंड उघडलंस, जमलं नाही, आणि माझ्याकडे पाहिलंस. तसंच, विंगेकडे पाहायचास तसं. त्या दिवशी मी काहीही दिलं असतं रे, पण तुला काय म्हणायचं होतं ते मला कुठे माहीत होतं? तेव्हाही मी माझी गोष्ट सांगितली नाही. आजारी माणसाला कायले त्रास, असं स्वतःला समजावत राहिलो. खरं तर घाबरलो होतो.

आता तुझा पोरगा. त्यानं मोबाइलवर तुझा जुना खेळ पाहून चुप्पी मोजली आहे. सतरा सेकंद. सतरा झाले की मी बोट वर करायचं, असं ठरलंय. तालमीत तो उभा राहतो आणि मनात आकडे मोजतो, ओठ हलतात त्याचे. काल म्हातारी करणाऱ्या बाईंनाच हसू फुटलं. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, बाबा त्या वेळी काय विचार करत होते? मी म्हटलं, त्यांचं त्यांना माहीत. केवढं खोटं! तू काहीच विचार करत नव्हतास, तुझ्याजवळ शब्दच नव्हते, हे मला सोडून कुणाला माहीत आहे?

नाही सांगितलं तर आज खेळ पाहायला आलेल्या वहिनींच्या डोळ्यांदेखत लोक त्याला हसतील. सांगितलं तर तुझी चुप्पी माझ्या जळफळाटातून आली हे त्याला कळेल. तो मला काकाजी म्हणतो. मला लेकरू नाही, तुला ठाऊकच आहे.

इथवर लिहिलं आणि तोच दारात आला. टोपीचा पट्टा तुटला होता. मी सुईदोरा घेतला आणि टाके घालता घालता, खाली मान घालून, सगळं सांगून टाकलं. पोस्टर, टपरी, वही, सगळं.

तो माझ्यासमोर उभा होता. अर्धं तोंड पांढरं, अर्धं तुझं.

“बाबाले मालूम होतं?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, मला अजून कळलं नाही.

त्यानं माझ्या हातून टोपी ओढून घेतली. दारापर्यंत गेला, थांबला, आणि मागे न वळता म्हणाला, “आज बोट वर करू नोका. ओळ बी देऊ नोका.”

रागावला की समजला, मला सांगता येत नाही. काकाजी म्हणाला नाही, एवढं मात्र लक्षात आलं.

मंडपात लोक बसायला लागलेत. उठतो. हिवराज, तुला वचन देतो, त्यानं सांगितलंय तसंच करीन, ओठ उघडणार नाही. पण त्यानं विंगेकडे पाहिलं, तर आज मान वर ठेवीन. त्याला शब्द सापडेपर्यंत त्याच्याकडे बघत राहीन. तुझ्याकडे तेवढंही बघितलं नव्हतं.

तुझा,
भाऊदास